दहा दिवसांची भावकी

आमच्या घराला कधी सुतक येत नसे. लहानपणी मला याचा केवढा आनंद होता! वैजापूर तालुक्यातल्या आमच्या गावात दरवर्षी कुणा ना कुणाच्या भावकीत मयत व्हायचं आणि त्या एका मयतापायी अख्ख्या आळीचा सण बुडायचा. दहा दिवस देवाला दिवा नाही, गोडधोड नाही, होळी आली तर तव्यावर पुरणाची पोळी नाही. शेजारची पोरं आमच्या दाराशी घुटमळायची. आमच्याकडं मात्र होळी म्हणजे होळी आणि दिवाळी म्हणजे दिवाळी. मी शाळेत ऐटीत सांगायचे, "आमच्यात सुतकबितक काही नसतं."

हे एकदा दादांनी ऐकलं. दादा म्हणजे माझे वडील. ते मेंढरं घेऊन दारात येत होते. त्यांनी मारलं नाही, ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "बाई, सुतक येत नाय म्हंजे आपल्याला कुनी नाय." आणि मेंढरं कोंडायला निघून गेले.

ते खरंच होतं. सुतक धरायचं ते भावकीनं, म्हणजे एकाच पुरुषापासून वाढलेल्या घरांनी. आमचं घर त्या गावात एकटं. दादांचा आजा, म्हणजे माझा पणजोबा, मेंढरं घेऊन कुठूनतरी आला आणि तिथंच राहिला. त्याला एकच मुलगा, त्या मुलाला एकच मुलगा, तो म्हणजे दादा. गावानं आम्हाला कधी वाईट वागवलं नाही, पण तीन पिढ्या झाल्या तरी आम्ही 'आलेले'च होतो. लग्नाच्या पंगतीत भावकी एकीकडं बसायची, पाव्हणे एकीकडं, आणि आमच्या दादांना कुठं बसवायचं हा वाढप्यांना प्रश्न पडायचा.

गावात दहाव्याला ओढ्याकाठी न्हावी बसायचा. मेलेल्या माणसापेक्षा वयानं लहान असलेली भावकीतली सगळी पुरुषमाणसं डोकी पुढं करून ओळीनं बसायची. ओळ जेवढी लांब तेवढं घर मोठं, असा तिथला हिशेब. माझे आजोबा गेले तेव्हा ओळच नव्हती. एकटे दादा बसले. न्हाव्यानं त्यांचं डोकं भादरलं, वस्तरा पुसला आणि विचारलं, "अजून कोन?" दादा म्हणाले, "झालं." एवढाच प्रसंग. दादांनी तो मला फार क्वचित सांगितला. मी तेव्हाच ठरवलं असं म्हटलं तर ते खोटं होईल. पण ते डोक्यातून गेलं नाही हे खरं.

मी शिकले, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण झाले, भूगोल शिकवला. लग्न होऊन शहरात आले, हर्सूलला आमचं घर झालं. धाकटा भाऊ गावी राहिला, दादा त्याच्याजवळ. नोकरी संपली आणि मला रिकामपण सोसेना. तेव्हा एका वाचनालयाच्या दारावर मी पाटी वाचली: आपल्या घराण्याचा इतिहास शोधायला शिका, दर रविवारी, वरच्या मजल्यावर. आमचे हे म्हणाले, "तुला काय करायचाय इतिहास? तुझा विषय भूगोल." मी म्हटलं, भूगोल पोरांसाठी होता, हे माझ्यासाठी आहे.

वर्ग घेणारे सर जमिनीच्या मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले. कडक माणूस. पहिल्या रविवारी त्यांनी प्रत्येकाला विचारलं, कशासाठी आलात? बरेच जण जातीच्या दाखल्यासाठी पुरावे शोधायला आलेले. काहींना जमिनीचा वाटा सिद्ध करायचा होता. एका गृहस्थांनी प्रामाणिकपणे सांगितलं की रविवारी बायको घरात थांबू देत नाही. माझी पाळी आली. मी म्हटलं, "मला माझ्या वडलांसाठी भावकी पाहिजे."

सगळा वर्ग हसला. मागून कुणीतरी म्हणालं, "आमची घेऊन जा मॅडम, फुकट देतो. वर बांधाचं भांडण पण देतो." मीही हसले. त्यांचं बरोबर होतं. ज्यांना भावकी आहे त्यांना तिची किंमत कोर्टाच्या तारखेतच कळते.

सरांनी वंशावळ काढायचा नमुना दिला. चौकटी, रेघा, पुरुषांची नावं. मी विचारलं, "मुलींची चौकट कुठं आहे?"

"मुली दुसऱ्या वंशावळीत जातात, मॅडम."

"मग तिथं चौकट असते का?"

सरांनी थोडा विचार केला आणि खरं ते सांगितलं, "तिथंही नसते." त्यांचं हे मला आवडलं. माणूस कडक होता पण लबाड नव्हता.

सरांचं म्हणणं एकच, आधी कागद दाखवा, मग बोला. आमच्या भागातले जुने कागद निजामाच्या काळातले, उर्दूतले. ते वाचायला शिकवायला एक चाचा यायचे, उर्दू शाळेतून निवृत्त झालेले. पांढरी दाढी, खिशात अत्तर, आणि विद्यार्थी साठीचे असोत की सत्तरीचे, चुकला की चाचांची छडी तयार. छडी म्हणजे जीभ. मी एक अक्षर चुकले की म्हणायचे, "मॅडम, ये नुक्ता है, मख्खी का दाग नहीं. इसको छोड़ोगे तो आदमी बदल जाएगा." मी जन्मभर पोरांना टिंब द्यायला विसरू नका म्हणून सांगितलं आणि आता माझ्याच टिंबांवरून माझी खरडपट्टी निघत होती. पण मी चिकाटी सोडली नाही. सकाळी चहाआधी अलिफ-बे गिरवायचे. आमचे हे म्हणायचे, घरात नवीनच नातू आलाय वाटतं.

आणि एका रविवारी, आमच्या गावच्या जुन्या जमिनीच्या कागदाच्या नकलेवर, उजवीकडून डावीकडं बोट सरकवत, मी माझ्या पणजोबाचं नाव वाचलं. स्वतः वाचलं. चाचा नुसते शेजारी उभे होते. माझ्या आईला अक्षर येत नव्हतं, आजोबांनी सही म्हणून अंगठा उठवला, आणि मी त्यांच्या घरातली बाई, परक्या लिपीत आमच्या मूळपुरुषाचं नाव वाचत होते. मला अभिमान वाटला आणि तो मी लपवला नाही. सगळ्या वर्गाला समोसे खाऊ घातले.

पण त्या कागदात तेवढंच होतं. पणजोबाचं नाव, ओढ्यालगतचा एक तुकडा, बस. तो कुठून आला, त्याचे भाऊ कोण, काही नाही. सर म्हणाले, "इथं कागद संपला. मेंढरं राखणाऱ्याच्या नावावर कोण काय लिहून ठेवणार?" ते सहज बोलले, पण मला झोंबलं. मी म्हटलं, "कागद संपला असेल सर, आमचं घराणं नाही संपलं."

मी गावी जाऊन दादांना खोदून खोदून विचारलं. ते ओट्यावर बसले होते. म्हणाले, "आजा म्हनायचा, आपन खालून आलो. येवढंच ऐकलंय."

खालून! मी भूगोलाची मास्तरीण. खाली म्हणजे दक्षिण, आणखी काय? शिवाय आमच्या तालुक्याच्या खालच्या अंगानं गोदावरी जाते, आणि नदीकाठची माणसं प्रवाह जातो त्या बाजूलाही खालीच म्हणतात. नकाशाही तेच सांगत होता आणि नदीही. मी गंगापूरपासून पैठणपर्यंत गोदाकाठ पालथा घातला. आमचे हे गाडी चालवायचे आणि दर गावाला विचारायचे, "इथं तरी चहा मिळेल का?" आमच्या आडनावाची घरं सापडली की मी आत शिरायचे. एका ठिकाणी आमचा फार पाहुणचार झाला, पण शेवटी कळलं की ते आम्हाला मुलगी बघायला आलेले समजत होते. दुसऱ्या ठिकाणी म्हाताऱ्यानं माझं बोलणं ऐकून घेतलं आणि दार लावून घेतलं. त्याला वाटलं आम्ही वाटा मागायला आलोय.

त्या हिंडण्यात एक गोष्ट मात्र माझ्या हाती लागली. माणसांना "तुमचे भाऊबंद कोण?" असं विचारलं की ती सख्ख्या चुलत्यापाशी थांबतात, आणि ज्याच्याशी भांडण असेल त्याचं नाव गाळतात. म्हणून मी प्रश्न बदलला. मी विचारायला लागले, "कुणाच्या मयताला तुमच्या घरचा तवा बंद राहतो?" आणि काय सांगू! ज्याला आजोबाच्या पलीकडचं ठाऊक नव्हतं तो माणूस धडाधड गावंच्या गावं मोजायला लागला. अमक्या वस्तीवरची सगळी घरं, तमक्या गावातला एक, शहरात राहायला गेलेले दोघे, आणि ज्याच्याशी बोलणं बंद आहे तोसुद्धा. बोलणं तुटतं, बांध कोरले जातात, पण सुतक तुटत नाही. मी हे वर्गात सांगितलं. पुढच्या रविवारी जो तो घरून दुप्पट मोठी वंशावळ घेऊन आला. सरांनी मान डोलवली आणि फळ्यावर लिहिलं, 'सुतक पद्धत'. चेष्टेनं लिहिलं असेल, पण पुसलं नाही. मला त्या दोन शब्दांचा आजही गर्व आहे.

फक्त माझीच वंशावळ पुढं सरकत नव्हती. दादांचं वय होत चाललं होतं. फोन केला की ते प्रकृतीचं काही बोलायचे नाहीत, एवढंच विचारायचे, "लागला का काही माग?" आणि मी म्हणायचे, लागेल दादा. दर वेळी ते म्हणणं मला जड जायला लागलं होतं.

वर्गात माझ्या शेजारी एक बाई बसायच्या. सिल्लोडकडच्या, चांगल्या जमीनजुमल्याच्या घरातल्या, शहरात नोकरी केलेल्या. एका रविवारी त्या आपल्या बहिणींची माहिती भरत होत्या. सरांच्या नमुन्यात जागा नव्हती म्हणून कागदाच्या कडेला लिहीत होत्या. लिहिता लिहिता मला म्हणाल्या, "आमची धाकटी खाली दिलीय ना, सोयगावला."

मी सवयीनं चूक काढली, "सोयगाव वर आहे. तुमच्या उत्तरेला."

"नकाशात असेल बाई. आम्हाला घाट उतरून जावं लागतं. आम्ही खालीच म्हणतो."

मी खुर्चीवरून उठलेच. अजिंठ्याच्या डोंगराची ही रांग मी फळ्यावर शेकडो वेळा काढलेली. रांगेच्या अलीकडं उंच पठार, पलीकडं उतार, हे पोरांकडून घोकून घेतलेलं. पण नकाशा भिंतीवर टांगलेला असतो, म्हणून माझी उत्तर कायम वर आणि दक्षिण कायम खाली. माझ्या पणजोबानं कुठला नकाशा बघितलाय? त्याला ठाऊक पायाखालचा चढ आणि उतार. तो खालून आला म्हणजे घाट चढून आला. मी त्याला उलट्या दिशेला शोधत होते, आणि तेही भूगोल शिकवून पेन्शन घेणारी बाई. माझं मलाच हसू आलं आणि मग मी त्या बाईंना मिठी मारली.

त्यांच्या धाकट्या बहिणीनं चौकशी करून ठेवली. सोयगावच्या पुढं डोंगराच्या पायथ्याशी एक वस्ती, सगळी आमच्याच आडनावाची, शेती आणि मेंढरं. आम्ही घाट उतरून गेलो. वस्तीतलं वडीलधारं माणूस म्हणजे एक काका, दादांपेक्षा थोडे लहान असतील. पटका, काळी घोंगडी, आणि मिशी अशी की आमच्या ह्यांनी नकळत स्वतःच्या ओठावरून हात फिरवला. एवढी भरघोस पांढरी मिशी मी आधी बघितली नव्हती. काका तिला बोलता बोलता पीळ देत. सून सांगत होती की मिशीला रोज तूप लागतं, मग पोळीला उरलं तर उरलं.

चहा झाला. मी माझा प्रश्न विचारला, कुणाच्या मयताला तुमचा तवा बंद राहतो? काकांनी बोटांवर मोजत घरं सांगितली. मी लिहून घेतली. सगळी घाटाखालचीच. माझा धीर सुटत चालला. तेवढ्यात चुलीपाशी बसलेल्या काकू म्हणाल्या, "आन त्यो वर गेलेला?"

त्यांचा नातू हसला. "आज्जे, सगळेच वर गेलेत की."

"तसं वर नाय रं," काका म्हणाले. "वर म्हंजे घाटावर." मग माझ्याकडं वळून सांगायला लागले. "माझ्या आज्याचा धाकला भाऊ व्हता. मेंढरं घिऊन वर गेला, त्यो परत आलाच नाय. जित्ता हाय का मेला, काई कळालं नाय. म्हनून त्याचं सुतक धरायचं राहून गेलं. पितराला आमच्यात एक पान त्याचं जास्तीचं वाढत्यात. पोरं म्हनत्यात वर गेलेला म्हंजे मेलेला. कुनी सांगावं, मेला बी असंल."

आमच्याकडं एक शब्द उरला होता, खालून आलो. यांच्याकडं एक, वर गेला. एकाच माणसाचे दोन शब्द, मध्ये नुसता घाट. आणि तीन पिढ्या हे लोक त्याच्यासाठी पान वाढत होते, आणि आम्ही समजत होतो की आम्हाला कुणी नाही.

पण काका काही लगेच विरघळले नाहीत. म्हणाले, "आडनाव काय बाई, गावोगाव हाय. तुमच्या मेंढराच्या कानाची खूण सांग."

मेंढपाळ आपली मेंढरं ओळखू यावीत म्हणून त्यांच्या कानाला चीर देतात. प्रत्येक घराण्याची चीर वेगळी. हे मला ठाऊक होतं, पण आमची खूण कोणती ते सांगता येईना. आमची मेंढरं मी लहान असतानाच विकली गेली होती. मी भावाला फोन लावला आणि दादांना द्यायला सांगितलं. काकांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि नमस्कार-चमत्कार न करता विचारलं, "तुमच्या आज्याच्या मेंढराच्या कानाला खूण कशी व्हती?"

फोनचा आवाज मोठा होता, म्हणून सगळ्यांनाच ऐकू आलं. दादा अडखळले नाहीत. "उजव्या कानाला मागल्या अंगानं चीर. डाव्याचं टोक उडवलेलं."

काकांनी मिशीवरचा हात खाली घेतला. अंगणात त्यांची मेंढरं बसली होती. मी पाहिलं, उजव्या कानाला मागून चीर, डाव्याचं टोक नाही. नातूसुद्धा उठून बघायला आला. काका फोनमध्ये म्हणाले, "भाऊ, लई उशीर केला." माझा भाऊ नंतर मला सांगत होता, फोन बंद झाला तरी दादांनी तो बराच वेळ कानाला धरून ठेवला होता.

रविवारी मी वर्गात हे सांगितलं तेव्हा टाळ्या पडल्या. चाचा म्हणाले, "मॅडम, आपने तो भेड़ों का नुक्ता पढ़ लिया." सरांनी मात्र विचारलंच, "कागद?"

"कानावर आहे सर. मेंढराच्या."

सर हसले, पण फळ्यावर त्यांनी आमची वंशावळ आणि काकांची वंशावळ तुटक रेघेनंच जोडली. पुरावा मिळेपर्यंत तुटक, असा त्यांचा नियम. मी भांडले. ते हटले नाहीत. मग मी घरच्या कागदावर ती रेघ चांगली ठसठशीत, भरीव काढली आणि वर गिरवली.

महिन्याभरानं आम्ही दादांना घेऊन घाट उतरलो. वस्तीच्या तोंडाशी काका उभे होते. दादांना हाताला धरून घरात नेलं, थोरले म्हणून वरच्या जागेवर बसवलं. पंगतीत दादांना कुठं बसवायचं हा प्रश्न त्या दिवशी कुणाला पडला नाही. सगळी वस्ती येऊन पाया पडून गेली. निघताना दादा काकांना म्हणाले, "तुमच्यात कुनी गेलं तर मला कळवशीला ना?"

तरण्या पोरांना हसू आलं. पहिल्याच भेटीला कुणी असं विचारतं का? काका हसले नाहीत. म्हणाले, "कळवंल भाऊ. आधी तुलाच कळवंल."

आणि तसंच झालं. त्या वर्षी वस्तीवरची एक म्हातारी पिकल्या वयात गेली. दादांना फोन आला. आमच्या घराला पहिल्यांदा भावकीचं सुतक आलं. नेमकं त्याच आठवड्यात गावात मोठं लग्न होतं. दादा मुद्दाम मांडवाच्या कडेला जाऊन उभे राहिले, आणि कुणी आग्रह केला की मोठ्यानं सांगायचे, "नाय बा, गोड नाय खायचं. आमाला सुतक हाय." भाऊ म्हणाला, ताई, अख्ख्या गावाला सांगितलं त्यांनी, ज्यांनी विचारलं नाही त्यांनासुद्धा. फोनवर आम्ही दोघं हसत होतो आणि मला मध्येच रडू फुटलं. असा मिरवलेला विटाळ मी दुसरा बघितला नाही.

यंदा होळीच्या तोंडावर दादा गेले. भरल्या घरात, झोपेत. काकांना लगेच कळवलं. मूठमातीला पोचणं त्यांना शक्य नव्हतं. फोनवर एवढंच म्हणाले, "दहाव्याला येतो." मी धरून चालले की ते येतील, फार तर मुलगा सोबत असेल. एवढ्या लांबचं नातं, एवढ्या लांबचा रस्ता.

मी गावीच थांबले होते. चौथ्या दिवशी सकाळी वहिनी हळूच म्हणाली, "वन्सं, तुमचं फिटलं. डोक्यावरून पानी घ्या." लग्न झालेल्या मुलीला बापाचं सुतक तीन दिवसांचं. मला ठाऊक होतं, दुसऱ्यांना मीच समजावून सांगत होते. तरी न्हाणीत तांब्या हातात घेऊन मी तशीच बसून राहिले. जी भावकी मी गावोगाव फिरून शोधली, तिच्यात मीच नव्हते. वाईट वाटलं. स्पष्ट सांगते, फार वाईट वाटलं.

दहाव्याला ओढ्याकाठी भाऊ बसला, त्याच्या शेजारी त्याचा मुलगा. न्हावी त्या जुन्या न्हाव्याचाच मुलगा. त्यानं वस्तरा काढला तेवढ्यात बांधावरून दोन जीपगाड्या आल्या. माणसं उतरायला लागली. पटके, टोप्या, जीन्स घातलेली पोरं, तो हसरा नातूसुद्धा. कुणी कुणाला काही विचारलं नाही. एकेकानं डोक्यावरचं काढून हातात घेतलं आणि भावाच्या शेजारी जाऊन बसला. ओळ ओढ्याच्या वळणापर्यंत गेली. गावातली माणसं हातातलं काम टाकून बघायला उभी राहिली.

सोबत आलेली काकांची सून बायकांमध्ये माझ्याजवळ येऊन बसली. मी विचारलं, होळी कशी झाली? ती म्हणाली, "औंदा होळी कुठली ताई? आख्ख्या वस्तीवर तवाच नाय ठेवला."

गावातल्या एका जाणत्यानं काकांना सांगून बघितलं, "एवढ्या लांबच्या नात्याला तीन दिवस बी चालत्यात." काकांनी त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. ते न्हाव्यापुढं बसलेले मला पाठमोरे दिसत होते. न्हावी प्रत्येकाचं झालं की वस्तरा पुसायचा आणि वर बघून विचारायचा, "अजून कोन?" आणि माझा भाऊ, डोक्याचा गोटा झालेला, डोळे लाल झालेले, दर वेळी म्हणायचा, "बस तू. अजून लई हायेत."

सगळं उरकल्यावर एक म्हातारा माझ्याकडं चालत आला. मी ओळखलंच नाही. जवळ आल्यावर कळलं की काका आहेत. मिशी नव्हती. ओठावर तिच्या जागी नुसता पांढरा पट्टा.

"काका, मिशी कशाला काढली?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"दहा दिवसाचं सुतक हाय बाई, नुसतं बोलून कसं भागंल?" ते शेजारी टेकले. "तुझं किती दिवसाचं?"

मी मान खाली घालून सांगितलं, "तीन."

"व्हय. रीत हाय ती," काका म्हणाले. "तू तीन दिवसाची. पर आमाला दहा दिवसाचं तूच केलं."

मी तोंडाला पदर लावला नाही. सगळ्या गावासमोर रडले, आणि मान ताठ ठेवून रडले.